विद्यापीठाचा कोट

नोकरीची मुलाखत देऊन बाहेर आलेल्या हर्षलनं अंगातला कोट काढून मोनालीला दिला. “बाह्या आत दुमड. आणि डावीकडून जरा जड लागतो, तिकडे झुकू नकोस.”

कोट विद्यापीठाचा होता. अंगावर कोट नाही म्हणून कुणाची नोकरी हुकायला नको, असा हट्ट धरून फार पूर्वी एका प्राध्यापक बाईंनी तो मंजूर करून घेतला होता. तेव्हापासून तो या दारात असाच अंगावरून अंगावर जायचा.

आत साहेबांनी आधी कोटाकडेच पाहिलं. मोनालीनं सुटलेली बाही पुन्हा आत दुमडली. सकाळपासून हाच कोट वेगवेगळे चेहरे घेऊन त्यांच्यासमोर बसत होता.

उत्तरं मात्र तिनं चोख दिली. शेवटी हजेरीच्या कागदावर सही करून ती पेन खिशात टाकणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, “उजव्या खिशात ठेवा. डाव्याला भोक आहे.”

मोनालीनं डाव्या खिशात बोट घातलं. ते आरपार गेलं.

“माझ्या मुलाखतीच्या दिवशी माझं पेन त्यातूनच गेलं. अजून अस्तरात असेल, बघा.”

तिनं कोटाची खालची कड चाचपली. आत पेनांची अख्खी जुडी होती.