धाकट्याची जागा

काठी बारकीच्या कानाजवळून सणसणत गेली आणि मागच्या भिंतीवर आपटून तुटली.

"पुन्हा," ठोक्या ड्रममागून म्हणाला.

बारकीने बेस गिटार सावरली आणि पुन्हा सुरुवात केली. सूर जाड तारेवरून धावत बारीक तारेपर्यंत चढायचे, तिथून उडी मारून परत जाड तारेवर यायचे, बोटांना उसंत म्हणून नाही. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं हे. उद्याच्या कार्यक्रमाला लोक तेच ऐकायला येणार होते. आधी बेस वाजवायचा तो ठोक्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो बँड सोडून गेला होता आणि त्याची जागा बारकीला हवी होती. त्यापायी तिने बोटांची सालटी काढून घेतली होती.

वाजवता वाजवता ती गाण्यातल्या त्या ठिकाणी आली. तिथे ती धाव एकदम अडखळते. एक सूर उशिरा येतो, दुसरा येतच नाही, त्याऐवजी मोकळी तार गुरगुरते, आणि मग कसंबसं सगळं पुन्हा ठेक्यावर येतं. ऐकणारे नेमके तिथेच वा म्हणतात. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने लावून लावून बारकीने ही जागा घोकली होती. काही केल्या जमत नव्हती. शेवटी एकदा उलगडा झाला. करंगळीशेजारचं बोट तारेवर ठेवायचंच नाही, हवेत धरायचं. मग उरलेल्या बोटांची जी तारांबळ उडते, तीच ती जागा. त्या दिवशी तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

तिने ती जागा हुबेहूब घेतली. ठोक्याने झांजेवर असा काही फटका हाणला, की झांज स्टँडसकट आडवी झाली.

"सरळ वाजव म्हटलं ना! बहिरी आहेस का?"

"पण दादा, तीच तर या गाण्यातली जागा आहे. रेकॉर्डिंगमध्ये तसंच..."

"मला शिकवू नकोस. सरळ वाजव, नाहीतर चालू पड."

ठोक्या हे नाव त्याला ड्रममुळे पडलं असावं, अशी बारकीची आजवर समजूत होती. तिने आसपास पाहिलं. गिटारवाला उगाच अ‍ॅम्पची बटणं फिरवत होता. माइकपाशी उभी असलेली वहिनी, म्हणजे ठोक्याची बायको, फरशीकडे बघत होती.

बारकीने खरंच सरळ वाजवायचं ठरवलं. एवढ्या मेहनतीने मिळवलेली जागा सोडायची तिची तयारी होती, बँडमधली जागा नको जायला. पण बोट ऐकेना. त्या ठिकाणी आलं की आपसूक वर उचललं जायचं, आणि धाव अडखळायची ती अडखळायचीच.

तिसऱ्यांदा अडखळली तेव्हा ठोक्या स्टूल लाथेने उडवून उठला. त्याने तिचं मनगट धरलं, ते बोट तारेवर दाबलं आणि तारेवरून फराफरा खाली ओढलं. बारकी किंचाळली. तार लाल झाली.

"इथे ठेवायचं! इथे! कळलं?"

"सोड तिला," वहिनी म्हणाली. मग ती बारकीशीच बोलायला लागली. "जागाबिगा काही नाही गं ती. रेकॉर्डिंग चालू होतं, भावजींचा एक सूर चुकला, म्हणून याने झांज काढून भिरकावली. त्यांचं ते बोट मोडलं. तसंच वाजवून पुरं केलं त्यांनी गाणं. थांबले असते तर दुसरं मोडलं असतं."

एका माणसाचं मोडलेलं बोट बारकी इतके दिवस जीव लावून शिकत होती. आणि त्याचा तिला अभिमान होता!

"तोंड बंद!" ठोक्या गरकन वळला आणि त्याने वहिनीच्या थोबाडीत दिली. वहिनी माइकवर जाऊन पडली. सगळ्या खोलीभर धाडकन आवाज घुमला.

वळताना त्याने बारकीचं मनगट सोडलं होतं. बेस गिटार भलतीच जड असते. बारकीने पट्टा डोक्यावरून काढला, गिटारची मान दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तो तोंड फिरवतोय तोवर अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने हाणली. दातांचा आवाज आला. ठोक्या मटकन खाली बसला. तोंडावर धरलेल्या बोटांमधून रक्त गळायला लागलं.

"अगं, काय केलंस हे!" गिटारवाल्याला आता कुठे वाचा फुटली. "उद्या कार्यक्रम आहे!"

"मग? आहेच की," वहिनी म्हणाली. तिचा गाल सुजायला लागला होता. ती उठली. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला सावरायला चालली. ती त्याला ओलांडून गेली, तिने लवंडलेलं स्टूल उचलून सरळ केलं आणि ती ड्रममागे बसली.

"मला ठेक्यापुरतंच येतं," ती म्हणाली. "घे."

बारकीने पट्टा पुन्हा गळ्यात घातला. "सरळ वाजवू?"

"नाही. आहे तशी."

बारकीने सुरुवात केली. तार रक्ताने निसरडी झाली होती, बोट ठणकत होतं, तरी सूर धावले, चढले, उडी मारून खाली आले. ती त्या जागेपाशी पोचली आणि तिने बोट वर उचललं. तेव्हा फरशीवर बसलेल्या ठोक्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.