एका पंगतीची साखर

डबीत एकच पट्टी उरली होती. अण्णाजींनी डबी तळहातावर आपटून ती काढली आणि साखर तपासायच्या मशीनशेजारी ठेवली. सकाळच्या उन्हात ओट्यावर तिघे बसले होते. अण्णाजी, शेजारच्या मनकर्णाबाई आणि समोरच्या घरात एकटे राहणारे बाबाराव. तिघांनाही इन्सुलिन लागायचं.

मशीन आंजीच्या एका शिबिरात फुकट मिळालं होतं. पट्ट्या फुकट नव्हत्या, आणि दुसऱ्या कंपनीची पट्टी त्यात चालत नव्हती. आता वर्ध्याचा औषधवाला म्हणत होता की हे मॉडेलच बंद झालं, नवीन घ्या. नवीन मशीन मोबाईलला जोडल्याशिवाय आकडा दाखवत नाही. तिघांपैकी एकाकडेही तसा मोबाईल नव्हता. काल अण्णाजींनी कंपनीला फोन लावून पाहिला, तर एक बाई बराच वेळ हिंदीत सांगत राहिली की त्यांचा फोन फार महत्त्वाचा आहे.

"मंग तिलेच विचारा लागत होतं, माही साखर किती हाये म्हणून," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पट्ट्या परवडेनाशा झाल्या तेव्हा तिघांनी एक पद्धत काढली होती. एका सकाळी एकाचंच बोट टोचायचं, आळीपाळीने, आणि येईल तो आकडा तिघांचा धरायचा. सुरुवातीला दोनदा तिघांनी वेगवेगळं तपासून पाहिलं होतं. दोन्ही वेळा आकडे जवळपास सारखे आले. दोन्ही वेळा ते आदल्या रात्री कुणाच्या तरी लग्नात एका पंगतीला बसले होते, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. आकडा तीनशेच्या वर गेला तर प्रत्येकाने इन्सुलिनचे नेहमीपेक्षा सहा पॉइंट जास्त घ्यायचे, असं ठरलं होतं.

काल अण्णाजींच्या नातवाचं जावळ होतं. अख्खी आळी जेवून गेली. बाबारावांनी संध्याकाळची सुई टोचून घेतली आणि बुंदीची बादली उचलून वाढायला उभे राहिले. वाढणाऱ्यांनी शेवटी बसायचं असतं. शेवटच्या पंगतीला पाव्हणे अचानक वाढले आणि भांडी खरवडून निघाली. दारात अण्णाजी हात जोडून प्रत्येकाला विचारत होते, पोटभर झालं ना. बाबारावांनी झालं म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी पिऊन झोपले.

"भाऊजी, तुम्हाले घाम काऊन येऊन राह्यला?" मनकर्णाबाईंनी बाबारावांना विचारलं. "अन् हात पाहा, कसे कापून राह्यले."

अण्णाजींनीही पाहिलं. मग त्यांनी मशीन बाबारावांकडे सरकवलं. आज नंबर त्यांचा स्वतःचा होता, पण शेवटची पट्टी बाबारावांवर लावावी, असं ते म्हणाले.

बाबारावांनी बोट पुढे केलं. मनकर्णाबाईंनी ते कापसाने पुसलं.

"रात्री काई कमी नाई ना पडलं, बाबाराव?" अण्णाजींनी मधेच विचारलं. "सून म्हणते, भांड्यात शीत नोतं उरलं. मले रातभर तेच लागून राह्यलं."

बाबारावांनी मशीनच्या कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग बोट मुठीत घेतलं.

"कमी कायचं पडते? दोनदा बुंदी घेतली म्या," ते म्हणाले. "नंबर तुमचा हाये अण्णाजी. तुम्हीच टोचा. रातची झोप नाई झाली, म्हणून घाम हाये."

मनकर्णाबाईंनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. बाबारावांनी मूठ उघडली नाही. बोट टोचायला भेता काय लेकहो, असं म्हणत अण्णाजींनी आपलंच बोट टोचलं. पट्टीने रक्ताचा थेंब ओढून घेतला. मशीनने थोडा वेळ घेतला आणि आकडा दाखवला. तीनशे बारा.

"दोनदा बुंदी," अण्णाजी हसले. त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं. "मंग तुहीबी तितकीच."

तिघांत मनकर्णाबाईंचाच हात स्थिर होता, म्हणून प्रत्येकाची सुई त्याच भरायच्या. त्यांनी तिघांच्याही सुईत सहा पॉइंट जास्त ओढले, डोळ्यासमोर धरून हवा काढली. बाबारावांनी सदरा वर केला आणि दुसरीकडे पाहिलं.

सुई झाली की लगेच खायचं असतं, नाहीतर साखर एकदम उतरते. मनकर्णाबाई भाकरी खायला घरी गेल्या. अण्णाजींची सून वर्षाली पोह्यांच्या दोन ताटल्या घेऊन आली. बाबारावांनी आपली ताटली परत केली. रात्रीचंच पोट भरलं आहे, भूक लागली की घरी भाकर आहे, असं ते म्हणाले. उठले, दोन पावलं गेले आणि ओट्यावरच्या बाजेवर बसले. थोडं पडतो, म्हणाले.

वर्षाली उष्टी ताटली न्यायला पुन्हा बाहेर आली तेव्हा ते कुशीवर निजलेले होते. तोंड किंचित उघडं. बाजेवरची गोधडी मानेखाली काळी पडली होती.

"मामाजी, काकाले उठवू का? सदरा पुरा ओला झाला."

अण्णाजींनी मान हलवली. टेबलफॅन उचलून आणला, बाजेजवळ ठेवला आणि त्याचं तोंड बाबारावांकडे वळवलं.

"झोपू दे," ते हळूच म्हणाले. "दाबून जेवला बिचारा."