काज-बटण राहिलंय

बँकवालीने पिशवीतून ड्रेस काढून थेट मशीनवर टाकला. तिथे वहिनीच्या नवऱ्याचा चहाचा कप होता, तो कलंडता कलंडता राहिला. वहिनीने कप उचलून खिडकीत ठेवला. रोजचंच होतं ते. घरात टेबल होतं, स्टूल होतं, पण कप ठेवायला त्याला मशीनच लागायचं.

"जरा सैल करून द्या," बँकवाली म्हणाली. "मास्तरांनी शिवलाय. हात वर केला की काखेत काचतो. लेकीचा नाच आहे रविवारी, ती काय हात खाली सोडून नाचणार?"

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. काचेचं दुकान, भिंतीवर दरांची पाटी. वहिनी म्हणजे या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून शिवणारी. तिला सख्खा-चुलत एकही दीर नव्हता, तरी अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणायची.

"तीनदा परत पाठवलं हो मला," बँकवाली सांगत होती. "दर वेळी तेच, काज-बटण राहिलंय. आता याला चेन आहे, बटण औषधालाही नाही. पण करणार काय, गर्दीच तेवढी असते त्यांच्याकडे." हे सगळं ती कौतुकाने सांगत होती. पैसेही पाटीवर होते तेवढे मोजून आली होती, चकार शब्द न काढता.

वहिनीने ड्रेस उलटा केला आणि काखेतली शिवण दोन बोटांत धरून पाहिली.

"आत माया ठेवलेली नाही," ती म्हणाली. "सैल करायला शिवणीच्या आत जादा कापड लागतं, ते त्यांनी कापून टाकलंय. दोन्ही बाह्या उसवून जोड घालावा लागेल. अस्तरालाही." मग तिने दर सांगितला. मास्तरने अख्ख्या ड्रेसचे घेतले होते त्याच्या निम्मा.

"एवढे? नुसतं सैल करायचे?" बँकवाली हसली. "मास्तरांनी नाही ठेवली, तर तुम्ही ठेवा की थोडी माया. तुम्हाला ना दुकानाचं भाडं, ना काही. घरातल्या घरात तर बसलेल्या असता."

"करून दे गं," पेपरामागून नवरा म्हणाला. "दोन टिपा तर मारायच्यात."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने बिघडवलं त्याला पुरते पैसे, वर कौतुक. जिने निस्तरायचं तिने माया ठेवायची. आणि घरचा माणूस तिच्या कामाची किंमत पेपरातून डोकं वर न काढता ठरवून मोकळा. तिने ड्रेसची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मग त्या दोन टिपा मास्तरांकडूनच मारून घ्या."

बँकवाली तोंड वाकडं करून जिना उतरली. तिची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर नवऱ्याने पेपर खाली घेतला. "झालं समाधान? आता ती चार घरी सांगत सुटेल. आहेत ती गिऱ्हाइकं पण जातील." तो म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते वहिनीला जास्त लागलं. तिने पायडल दाबलं आणि दुपारभर मान वर केली नाही.

संध्याकाळी दारात मास्तर उभा राहिला. हातात तीच पिशवी.

"वहिनी, एवढं करून द्या. माझे कारागीर असलं जोडाचं काम बिघडवतात. दुरुस्तीचे पैसे घेतलेत मी बाईंकडून."

"किती घेतलेत?"

त्याने आकडा सांगितला. सकाळी वहिनीने सांगितला होता तोच. या खोलीत जो घशाखाली उतरत नव्हता, तो काचेच्या दुकानात बिनबोभाट उतरला होता.

"निम्मे तुमचे," मास्तर म्हणाला. "आपल्यात काय, वहिनी."

"सगळे. आणि आधी."

"अहो वहिनी..."

"शिलाईचं बोलताना वहिनी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"तुम्हाला काय म्हणतात?"

मास्तर मोठ्याने हसला, आणि साथीला कुणी मिळेल म्हणून त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा हसत नव्हता. चार वाजताचा त्याचा कप पुन्हा मशीनवर येऊन बसला होता. तो उठला, त्याने कप उचलला आणि कुठे ठेवावा हे न सुचून तसाच हातात धरून उभा राहिला.

मास्तरने खिशातून नोटा काढल्या आणि कप होता त्या जागी ठेवल्या. "घ्या, मास्तर," तो म्हणाला. तोंड कडू झालं होतं, पण शब्द निघाला. "तासाभराने न्यायला येतो."

वहिनीने नोटा उचलून खणात टाकल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि सुईखालचं दुसऱ्याचं काम पुढे ओढलं.

"परवा या."

"परवा? एवढ्याशा कामाला?"

"काज-बटण राहिलंय."

"पण याला तर..." एवढं बोलून मास्तर थांबला, आणि खुंटीवरच्या पिशवीकडे बघत राहिला.