लग्नाची शाई

“मला मधोमध ठेव,” क्राचुनोव म्हणाला. “या तिघी माझ्या भोवती. आणि खाली लिही, आपलं कुटुंब.”

वेलिकानं आपल्या छपाईच्या दुकानात फोटो हातात घेतला. गेल्या शरदातला, कारखान्याच्या मेजवानीचा. मधे मालक क्राचुनोव, गडद निळा सूट, लाल टाय. भोवती मिरच्या भाजून बरण्या भरणाऱ्या तिघी. मालकाचा हात डोंकाच्या खांद्यावर. फांदीवर कावळा बसला की फांदी वाकते, तसा तो खांदा वाकलेला.

डोंका वेलिकाची धाकटी बहीण. हिवाळ्यात शीतगृहात विषारी वायू सुटला तेव्हा तिघी आत होत्या. बरण्या चोरीला जातात म्हणून दाराला बाहेरून कुलूप होतं.

तिघी गेल्या त्याच्या चाळिसाव्या दिवशी वेलिकानं कारखान्याच्या फाटकावर शोकपत्रक डकवलं. गावात सगळेच डकवतात, दारावर, झाडावर, बसथांब्यावर. काळी चौकट, चेहरा, नाव. तिनं नावाखाली एक ओळ जास्त घातली होती : दार बंद होतं. सकाळी रखवालदारानं ते खरवडून काढलं. तिनं पुन्हा डकवलं. त्यानं पुन्हा खरवडलं. हिवाळा सरला, चेरीला फुलं येऊन गेली, वेलिकाच्या बोटांची खळ काही सुटली नाही.

“तुझ्या बहिणीला कुणी हात लावणार नाही,” क्राचुनोव म्हणाला. “फाटकावर काचेची पेटी बसवतो. कुलूप घालतो, किल्ली माझ्याकडे. पण तुझी ती ओळ नको.”

“पेटीचं तोंड कुठं?”

“दक्षिणेला. रस्त्यावरून दिसायला नको?”

वेलिकानं दोन नमुने त्याच्यापुढे ठेवले. एक झगमगता, नवरीच्या ओढणीसारखा. दुसरा दबका, मुका.

“ही लग्नाची शाई. ही थडग्यावरच्या फोटोंची. साहेबांना कुठली?”

“मी काय मेलोय?” तो हसला. “मला लग्नाची. त्यांना ती दुसरी दे.”

“मग एकच कागद दोन्ही शायांच्या यंत्रांतून काढावा लागेल.”

“काढ की.”

तो गेला तशी बाहेर बाकावर बिया सोलत बसलेली त्रेंदाफिला आजी थुंकली. “काय गं, दिलीस बहिणीला त्याच्या काखेत?”

“छापतेय, आजी.”

“छाप, छाप! नवरदेव कर मेल्याला. डोंका वरून बघतेय हो.”

 वेलिकानं दार लावून घेतलं आणि यंत्र सुरू केलं.

पेटीत फोटो लागला. क्राचुनोव त्यात असा चमकत होता, की तिघी त्याच्या सावलीत उभ्या वाटाव्यात. तो खूश झाला. किल्ली खिशात टाकून उन्हाळाभर समुद्रावर गेला. वेलिका रोज फाटकावरून जायची, मान वर न करता. बाया तिला पाहून बोलणं थांबवायच्या.

ऊन मात्र कुणाचं चाकर नव्हतं. सकाळी यायचं, काचेला कपाळ टेकायचं, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही.

मिरच्यांच्या पहिल्या गाड्या आल्या त्या दिवशी क्राचुनोव परतला. फाटकापुढे माणसं गोळा झाली होती. तिघी जशाच्या तशा होत्या, डोंकाच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा. त्यांच्या मधे माणसाच्या आकाराचा कोरा कागद होता. आधी टायचा लाल गेला होता, मग गालांचा, मग सगळा तोच.

“कुणी उघडली पेटी?” तो ओरडला.

“किल्ली तुमच्या खिशात आहे, साहेब,” वेलिका म्हणाली. आज तिची मान वर होती. “लग्नाची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ऊन पितं तिला. दुसरीत रंगाचे कण असतात, त्यांच्यावर उन्हाचे दात चालत नाहीत. शाई तुम्हीच निवडलीत.”

डोंकाच्या खांद्यावर आता कुणाचा हात नव्हता. तिथं नुसतं ऊन टेकलं होतं.

“थांबा गं,” त्रेंदाफिला आजी गर्दीतून पुढे घुसली. तिनं चष्मा पुसला, नाक काचेला लावलं. जिथं निळा सूट होता तिथं, छातीच्या जागी, फिकट करडी अक्षरं होती. उन्हाळाभर त्याच्या कोटाआड दडलेली, थडग्याच्या शाईतली.

आजीनं ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली, “दार बंद होतं.”