पेशंटसाठी सौम्य

वैजयंतीच्या फोनवर तिच्या तपासणीचा अहवाल फिकट निळा होता, कडेला फुलं आणि मधोमध ‘काळजीचं कारण नाही’. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या शिरीषच्या फोनवर मात्र तोच अहवाल लालभडक दिसला. तिने नवऱ्याच्या हातातून फोन हिसकावला. कॅमेऱ्याला तिचा चेहरा दिसला आणि तिच्या डोळ्यांदेखत लाल अक्षरं विरून पान निळं झालं.

"माहिती एकच असते, मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "बघणारा कोण ते ओळखून पान मांडणी निवडतं. पेशंटसाठी सौम्य."

"आजार माझा, शरीर माझं, आणि खरं पान याला?" वैजयंती कडाडली. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे लोक फुलं दाखवत होते! तिने फोन शिरीषच्या तोंडासमोर धरला. "तू बघ. आणि दिसतंय ते मोठ्यांदा वाच."

शिरीषने पानावर नजर फिरवली.

"काळजीचं... काळजीचं काही कारण नाही गं."

त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा लाल झाल्या होत्या.

"त्या पानाला निदान कुणीतरी शिकवलंय," ती म्हणाली. "तुला रे कुणी शिकवलं?"