कड्यावरचं घर

गाइडने सूचना दिल्या तेव्हा रसिका फोटो काढत होती. ग्रीसच्या बेटावर दोन गावांमधली पायवाट समुद्रकाठच्या कड्यावरून जात होती. जागोजागी दगडावर दगड रचलेले बघून तिला वाटलं, आपल्याकडच्या देवीच्या डोंगरासारखं इथंही लोक घर मागत असणार. डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या तिनेही वाट सोडून कड्याच्या टोकाशी घर रचलं, पुढे नेहमीसारखी चपट्या दगडाची गॅलरी काढली. पुढच्या गावात सोबतच्या काकू म्हणाल्या, "धुकं असलं तरी येईल गं तुझा नवरा, रचलेले दगड बघत चालायचं सांगितलंय ना." गुडघेदुखीमुळे साईनाथ मागे राहिलेला. ती उलटी धावली. धुक्यात हाकेला उत्तर येईना, खाली समुद्र आपटत होता. तिच्या दगडांपाशी तो गुडघा चोळत बसलेला. "पुढे नाही गेलास?" "अगं, वाटेच्या खुणेला गॅलरी कोण काढतं?"