नानांचं छोटं पिस्तूल

"किल्ली द्या, नाना," संजीव म्हणाला.

नानांनी टोस्टवरचा नारळाचा जॅम सुरीने खरवडून बशीच्या कडेला लावला. परदेशात, बुकित पंजांगच्या या फ्लॅटमध्ये ते श्रावणापासून राहत होते, पण सकाळी सकाळी गोड पाव खाणं काही त्यांना जमत नव्हतं.

"किल्ली जानव्याला आहे आणि जानव्यालाच राहील," ते म्हणाले.

किल्ली पुण्याच्या घरातल्या लोखंडी कपाटाची होती. त्या कपाटात नानांचं पिस्तूल. संजीव उद्या पुण्याला निघाला होता आणि परवा खंडेनवमी होती. यंदा शस्त्राची पूजा मी करतो आणि मग ते बंदुकीच्या दुकानात देऊन टाकतो, असं तो चार दिवस वडिलांना सांगत होता.

त्याच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. फाल्गुनात आई गेली. पुढे एकदा फोनवर नाना बोलून गेले, "आता राहिलंय काय?" एकटा म्हातारा आणि कपाटात पिस्तूल! ऐकणाऱ्याला काळजी वाटावी असंच ते होतं. मग संजीवची बायको उल्का हिने त्यांना फोन केला, आणि एरवी पुण्याबाहेर आठवडाभर न टिकणारे नाना एका शब्दानेही वाद न घालता येऊन दाखल झाले.

ते यायच्या आधी उल्काने सोळाव्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांना ग्रिल बसवून घेतलं. ऑफिसला जाणं बंद करून ती घरूनच काम करू लागली. "घरात माणूस एकटं नको," एवढंच तिने मैत्रिणींना सांगितलं. खऱ्यासारखं दिसणारं नकली पिस्तूल बाळगलं तरी पोलीस दारात येतील अशा या देशात निदान ती एक धास्ती नव्हती.

"तेवढंसं खेळणं ते," संजीव म्हणाला. "काय करायचंय तुम्हाला आता?"

"खेळणं?" नानांनी सुरी खाली ठेवली. पिंपरीच्या कारखान्यात ते रोखपाल होते. कामगारांचा पगार बँकेतून आणायचा, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. "पँटच्या खिशात मावतं म्हणून खेळणं होत नाही. उलट मोठं पिस्तूल परवडलं. ते मुठीत बसतं. याच्या दांड्यावर करंगळीला जागाच नाही. चाप ओढला की हातातून उसळतं, आणि नेम म्हणशील तर समोरच्या भिंतीलाच लागला तर लागला."

"आणि आईने पूजेत त्याच्यावर कुंकू ओतलं होतं ते?"

नाना हसले. फार दिवसांनी हसले. "चिमूटभर वाहायचं सोडून मूठभर वाहिलं तिने. सगळं कुंकू आत गेलं आणि सरकपट्टी जी अडकली ती अडकलीच. दुकानदार म्हणाला, साहेब, याला देव करू नका, तेल द्या."

शाळेचा गणवेश घालून नात ऋता बाहेर आली आणि उभ्याउभ्याच दूध प्यायली. "अय्यो आजोबा, जस्ट गिव्ह हिम, लाह. एव्हरी मॉर्निंग सेम फाइट," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. मग बूट घालता घालता तिने विचारलं, "पप्पा, यू कमिंग बॅक व्हेन?"

"बघू," संजीव म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती पळाली.

उल्का ओट्यापाशी उभी राहून हे ऐकत होती. तिला भीती वाटत होती आणि ती तिने लपवलीही नाही. "पुढच्या महिन्यात जा ना," ती म्हणाली. "नानांना इथे टाकून आत्ता कशाला?"

"त्यांच्यासाठीच तर चाललोय."

संजीवचं हार्बरफ्रंटचं ऑफिस बंद झाल्यापासून त्याला वेळच वेळ होता. तो नानांना सोडून राहत नसे, असं शेजारी कौतुकाने म्हणत. खरं तर नानाच त्याची पाठ सोडत नसत. तो खाली हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफी आणायला निघाला तरी नाना चपला घालून तयार. काळजीने त्याचं जेवण तुटलं होतं. निघायच्या गडबडीतही त्याने बँकेचं, विम्याचं सगळं उल्काला नीट समजावून दिलं होतं. बॅडमिंटनची रॅकेट शेजारच्या लिमला देऊन टाकली होती. धूळ खात पडून काय उपयोग, म्हणे.

"नाना, पुढेमागे तुम्ही परत जाल," तो आता समजुतीने बोलला. "त्या घरात ते नको. माझ्या जिवाला घोर लागतो."

नानांनी बशीतला पाव बाजूला सारला.

"गोळ्या त्याच कप्प्यात आहेत ना? सगळं एकदमच देऊन टाकतो."

"त्याच कप्प्यात."

"आणि चालतं ना अजून? दुकानदार विचारेल."

नानांनी मुलाकडे पाहिलं. मग सदऱ्यात हात घालून जानव्याला बांधलेली किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली.

संजीवने ती उचलली आणि वाकून त्यांना नमस्कार केला. लग्नानंतर पहिल्यांदाच असावा. उरलेले दोन टोस्ट त्याने भराभर खाल्ले आणि गुणगुणत अंघोळीला गेला.

आत पाणी सुरू झाल्याचा आवाज आला तशी उल्का धावतच टेबलापाशी आली. "नाना, किल्ली दिलीत तुम्ही?"

"कपाट रिकामं आहे, पोरी," नाना म्हणाले. "संजीव जीव द्यायचं बोलतोय असा तुझा फोन आला, त्याच दुपारी पिस्तूल पोलिसांत जमा करून टाकलं आणि मग बॅग भरली. तुला बोललो नाही. तुझ्या तोंडावरून त्याने ओळखलं असतं. किल्लीसाठी माझ्याशी भांडत होता, तोवर दुसरं काही शोधत नव्हता. आता माझंही उद्याचं तिकीट काढ. कपाट उघडेल तेव्हा तो एकटा नको."